सापाचे बिऱ्हाड

साप पाळावेत की पाळू नयेत, हा वाद पुण्या-मुंबईच्या लोकांनी खुशाल घालावा. आमच्या बिद्रीत साप पाळावे लागत नाहीत. ते आपण होऊनच वस्तीला येतात. गावाभोवती ऊस, उसात उंदीर आणि उंदरांच्या मागावर धामण, असा हा सरळ हिशेब आहे. दिवाळीच्या आगेमागे दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा बॉयलर पेटतो, फडात कोयते चालू लागतात, आणि उसाच्या गारव्यात सुखाने राहिलेली ही मंडळी उघड्यावर येऊन बांध, गवताची गंजी, शेणींचा ढीग अशी नवी बिऱ्हाडे शोधू लागतात. "गुरुजी, धामण हाय. काय करत न्हाई," असे म्हणून फडातला गडी पुन्हा आपल्या कामाला लागतो. आम्हां गावकऱ्यांचे आणि सापांचे नाते हे असे आहे. थोडी भीती, थोडी पूजा, आणि शक्यतो एकमेकांच्या वाटेला न जाणे!

त्यामुळे पुण्याहून सुटीला आलेल्या नातवाने जेव्हा मला विचारले, "आजोबा, दोन साप एका पेटीत ठेवावेत की वेगवेगळ्या?" तेव्हा मला प्रथम हसूच आले. त्याच्या एका मित्राने 'बॉल पायथन' नावाचा साप पाळला आहे म्हणे. हा आफ्रिकेतला तीन-चार फुटांचा लहानसा अजगर. भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके मध्ये लपवतो, म्हणून त्याचे हे नाव. त्याला आता जोडीदार आणायचे घाटत होते.

मास्तरकीची सवय अजून गेलेली नसल्यामुळे मी आधी कायदा सांगितला. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर असला साप पकडून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातीचे पाळायचे, तर आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत असलेल्या प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे करावी लागते. आणि हा अजगर त्या यादीत आहे. नातवाने मान डोलावली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मुले हल्ली कायद्याने दबत नाहीत.

उत्तर माझ्याआधी सौभाग्यवतींनीच दिले. "एकत्रच ठेवायचे! त्यात विचारायचे काय? मुका जीव तो, एकट्याने दिवस कसा काढील?"

तिचे हे बोलणे आपल्या सगळ्यांच्याच मनातले आहे. एकटे राहणारा माणूस दिसला की आपल्याला त्याची कीव येते. घरात पोपट आणला तर मैना आणावीशी वाटते. 'एकटा जीव सदाशिव' असे आपण म्हणतो खरे, पण त्या सदाशिवाचेही घर आपण किती भरून टाकले आहे! त्याच्या गळ्यात नाग, थोरल्या मुलाचा मोर, धाकट्याचा उंदीर, स्वतःचा नंदी आणि पार्वतीचा सिंह. कुणी कुणाला खायचे याची यादी करू लागलो तर कैलासावर रात्रीपर्यंत एकही शिल्लक राहू नये. तरीही ते एकत्र कुटुंब सुखाने नांदते आहे. पण ते चालवायला महादेवच लागतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

सापाविषयी आपली माया अशी आंधळी असण्याचा अनुभव जुना आहे. लहानपणी मी वडिलांबरोबर बत्तीस शिराळ्याची नागपंचमी पाहिली होती. घराघरांत मडकी टांगलेली आणि मडक्यांत नाग. मी पाहिलेल्या मडक्यांत एकेकच नाग होता, हे मला आज आठवते. पकडणाऱ्यांना त्यांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. पुढे २००२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांचा तो खेळ बंद झाला. २०२५ साली शिक्षणाच्या हेतूने म्हणून फक्त २१ नाग पकडायला केंद्र सरकारने अटींवर परवानगी दिली. पण नागापुढे दुधाची वाटी ठेवायची आपली हौस काही कुठल्या आदेशाने गेली नाही. साप दुधाचे गिऱ्हाईक नव्हे. त्याचे अन्न उंदीर, बेडूक, पाली, पाखरे. दूध आपल्याला आवडते, म्हणून आपण त्याला देतो. सोबत हेही असेच एक दूध आहे. आपल्याला गोड लागते, म्हणून त्यालाही लागत असणार, असे आपण धरून चालतो.

आमच्याकडे शेतात दोन धामणी एकमेकींना वेढे घालून जमिनीपासून हात-हातभर उंच उठलेल्या दिसल्या, की सापांचे लग्न लागले म्हणून माणसे धावतात. कुणी त्यांच्यावर पांढरे कापड टाकते आणि ते घडी करून ट्रंकेत ठेवते; घरात भरभराट होते म्हणे. खरी गोष्ट अशी की त्यांत बहुधा मादी नसतेच. ते दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. दुसऱ्याचे डोके खाली दाबायचे, एवढाच तो डाव. हरलेला निमूटपणे निघून जातो. आता कोल्हापूरच्या मातीत राहून आम्हांला कुस्ती ओळखता येऊ नये, याची मला गंमत वाटते. पण प्रेम पाहायचे ठरवून गेलेल्या माणसाला कुस्तीतही प्रेमच दिसते.

पेटीतही हेच होते. दोन साप एका कोपऱ्यात अंगावर अंग टाकून पडलेले दिसले की पाहणारा म्हणतो, पाहा, किती गोडी आहे! पण सापाचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. पेटीत ऊब असलेली जागा एक, लपायला आडोसा एक, मग दोघेही तिथेच जाणार. एस. टी.च्या एका बाकावर चौघे बसले, तर त्यांना एकमेकांचा सहवास आवडतो असे का आपण म्हणतो? त्यांत एक थोराड असला तर तो उबेची जागा धरून बसतो आणि दुसरा गारठ्यात राहतो. गारठलेल्या सापाला गिळलेले अन्न पचत नाही.

जेवणाची तर वेगळीच तऱ्हा. एका उंदराला दोघांनी दोन बाजूंनी धरले, की गिळता गिळता दोन तोंडे मध्यावर येऊन भिडतात, आणि मागे सरणे दोघांनाही अवघड असते. मग मोठा धाकट्याला उंदरासकट आत घेतो. काही जातींना तर उंदराचे निमित्तही लागत नाही. नाग दुसरे साप खातो, मण्यार तर आवडीने खाते, आणि नागराजाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी 'साप खाणारा' असा आहे. बॉल पायथन त्या जातकुळीचा नाही. पण त्यालाही गोचिडासारखे बारीक कीटक लागतात, आजार होतात. एकाचे दुखणे दुसऱ्याला जडायला एक पेटी पुरते. नवा साप आणला तर त्याला काही आठवडे अगदी वेगळ्या खोलीत ठेवावे, असे जाणते लोक सांगतात ते याचसाठी.

आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की साप तक्रार करीत नाही. कुत्रे केकाटते, मांजर पंजा मारते, पोपट पिसे उपटतो. सापाजवळ फक्त एकच भाषा आहे. तो अन्नाला तोंड लावत नाही. एका पेटीत दोघे असले तर कोण जेवला आणि कोण नाही, कुणी ओकले आणि कुणाला जुलाब झाले, हेही मालकाला उमगत नाही. दोघेही शांत पडलेले असतात, आणि त्या शांततेलाच तो सुख म्हणतो.

नातू चतुर आहे. त्याने लगेच हरकत घेतली, "मग ते बहात्तर साप?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांच्या संगतीत ७२ तास राहिले होते. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांच्या मनावर ठसवायचे होते, आणि ते ठसलेही. कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच खटपटीने पुढे उभे राहिले. आमच्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीला, मामासाहेब लाड विद्यालयात बाबूराव टक्केकर या शिक्षकांनी गेल्या शतकात साठीच्या दशकापासून हेच काम केले. साप ओळखावा, उगाच भिऊ नये आणि मारू तर नयेच, हे खेड्यातल्या मुलांना त्या शाळेने शिकवले. पण तीन दिवस एका खोलीत निभावणे वेगळे आणि जन्म काढणे वेगळे. लग्नाच्या मांडवात आपण दोनशे माणसे तीन दिवस आनंदाने राहतो. चौथ्या दिवशी राहून पाहावे!

मग कॅनडाचे उदाहरण निघाले. तिथे मॅनिटोबा प्रांतात, नार्सिस या ठिकाणी, हिवाळ्यात हजारो 'गार्टर' साप चुनखडीच्या कपारींत एकत्र राहतात. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की या जातीची पिले आसऱ्याला जाताना ठराविक सोबत्यांकडे जातात. त्यांची जागा बदलली तरी पुन्हा आपला गट शोधतात. म्हणजे सापाला सोबत कळतच नाही, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. हे ऐकून सौभाग्यवतींचा चेहरा खुलला. पण मला त्यातली दुसरी बाजू दिसली. कपारीतले साप ऊन पडले की बाहेर येतात आणि आपापल्या वाटेने पांगतात. त्या पिलांनाही आसरा निवडायला मोकळीक होती. काचेच्या पेटीतल्या दोघांना ती नसते. झाकण मालकाच्या हातात असते.

एवढा वेळ थोरले बंधू अण्णा सुपारी कातरीत ऐकत होते. भिंतीपलीकडे त्यांचे घर. आमचा वाडा १९८८ साली वाटला गेला, मधोमध भिंत उभी राहिली आणि दोन चुली झाल्या. गावाने त्यावेळी आम्हां भावांना पुष्कळ नावे ठेवली. अण्णांच्या मनात तो सल आहे. ते एकदम म्हणाले, "म्हणजे वेगळं झालो ते बरंच झालं म्हणायचं! सापसुद्धा तेच सांगतात."

मला ते पटले नाही. सापांवरून माणसांच्या वाटण्या ठरू लागल्या तर उद्या मुंग्यांवरून एकत्र कुटुंबाचे समर्थन होईल. माणसाला माणूस लागतो. सापाचे तसे नाही. दोघांचा धडा एक नव्हे. पण अण्णांच्या बोलण्याने मला दुसरेच आठवले. वाटणीपूर्वी आमच्या घरात सतरा माणसे होती. त्या सतरांत माझी बायको सर्वांत शेवटी जेवायला बसे. आणि रोज तिसऱ्या प्रहरी, भांडी झाली की, ती गोठ्यात म्हशीजवळ जाऊन घटकाभर बसे. काही काम नसे तिथे. आई म्हणायची, "हिला म्हशीचा फार लळा." घरात सगळ्यांनीच ते खरे मानले होते. वाटणी झाली, तिला स्वतःच्या स्वयंपाकघराचे दार मिळाले, आणि ती पुन्हा कधी गोठ्यात जाऊन बसली नाही. म्हैस तर तीच होती.

आणि तरीही आज सापांना एकत्र ठेवा म्हणणारी तीच! यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. तिला सतरा माणसे नकोशी नव्हती. त्यांच्यातून घटकाभर उठून जाण्याची जागा हवी होती. भिंत झाली, पण भिंतीत एक दार ठेवले, आणि त्या दारातून गेली कित्येक वर्षे फराळाची ताटे, आजारपणातला काढा आणि भांडणेसुद्धा बिनदिक्कत ये-जा करीत आहेत. एकत्र राहणे गोड लागते ते उठून जाता येते म्हणूनच. ज्याला उठून जाता येत नाही आणि बोलताही येत नाही, त्याच्या गप्प पडून राहण्याला गोडी म्हणू नये. मग तो पेटीतला साप असो की माजघरातली सून.

शेवटी नातवाला मी माझे मत सांगितले ते असे. साप पाळूच नये हे उत्तम. फडात तो सुखी आहे आणि आपणही आहोत. पण मित्राने पाळलाच आहे, तर दुसऱ्याला दुसरी पेटी, त्याची वेगळी ऊब, वेगळे पाणी, वेगळा आडोसा. दोन पेट्यांचा खर्च झेपत नसेल तर दुसरा आणू नये. दया करायची ती आपल्या मनासारखी नव्हे, त्याच्या अंगाला सोसेल अशी.

सौभाग्यवतींनी हा निकाल मान्य केला, पण सगळा नव्हे. "बरं, वेगळ्या तर वेगळ्या," ती नातवाला म्हणाली, "पण पेट्या शेजारी शेजारी ठेवायला सांग हो त्याला!"