पानागणिक क्रेडिट

वाशिंदला घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते. आधी नऊ वर्षं कसारा लोकलनं ठाण्याला एका सीएंकडे जात होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये स्टेशनजवळच्या किराणावाल्या काकांनी बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. ११८ पानं! पूर्वी त्यांचं वर्ष वीस पानांत मावायचं. यूपीआयमुळे आता दहा रुपयांच्या कोथिंबिरीचीही एक ओळ असते. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा होता. त्यामुळे कुठली जमा विक्रीची आणि कुठली मेहुण्यानं परत केलेली उसनवारी, हे ओळ न् ओळ बघूनच ठरवावं लागणार होतं. रिटर्न भरायची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण हातानं टाइप करायला चार दिवस गेले असते आणि रांगेत आणखी वीस जण होते.

पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी मला झेपणारी नव्हती. माझं काम भातशेतीसारखं, हंगामाचं. म्हणून वर्गणीऐवजी त्यांची २०० सुटी क्रेडिट घेतली. एका पानाला एक.

चढवण्याआधी काकांना विचारलं, “तुमचं स्टेटमेंट दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जाईल. चालेल?”

“त्यात काय काय दिसतं गं?”

“कोणाकडून आले, कोणाला दिले, सगळं.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. “काकूच्या दवाखान्याचे पण?”

“ते पण.”

“मग काम झालं की माझ्यासमोर पुसून टाक.”

दोन मिनिटांत एक्सेल हातात आलं. तरीही मी ताळा केलाच: मागची बाकी, अधिक जमा, वजा नावे, म्हणजे पुढची बाकी. ६१व्या पानावर १,४५० रुपयांचा फरक आला. दोन पानांच्या सांध्यावरची एक ओळ गळाली होती. काही तारखाही उलटल्या होत्या, ५ जूनचा ६ मे झाला होता. हा ताळा केला नसता तर चुकीचा आकडा काकांच्या नावानं गेला असता, आणि नोटीस आली असती ती त्यांना, सॉफ्टवेअरवाल्यांना नाही.

त्यांच्या पतसंस्थेच्या पासबुकाचे मोबाइलवर काढलेले ११ फोटो मात्र वाया गेले. छपाई ओळीवर ओळ चढलेली. स्कॅनला दुप्पट क्रेडिट लागतात, त्यामुळे २२ गेली आणि आलेले आकडे निरुपयोगी. ती पानं मी हातानंच लिहिली. गेलेली क्रेडिट परत मिळत नाहीत, आणि न वापरलेली वर्षानं संपतात. हे मला अन्यायाचं वाटतं. पैसे पानाचे घेतले, तर न वाचता आलेल्या पानाचे परत करायला हवेत.

रिटर्न भरल्यावर काका आले. त्यांच्यासमोर खात्यातून फाइल काढली, मग माझ्या डाउनलोडमधली आणि कचरापेटीतलीही. त्यांनी चष्मा चढवून रिकामी यादी दोनदा पाहिली.

“गेलं?”

“माझ्याकडून गेलं, काका. त्यांच्याकडचं त्यांच्या शब्दावर.”

पुढच्या वर्षी स्टेटमेंटची काही पानं मी हातानंच टाइप करेन, असं त्यांना सांगितलं. फक्त दवाखान्याच्या महिन्यांची.