कटकट

मोटारीतले मला काही कळत नाही, असे मी चारचौघांत सांगतो. मनात मात्र तसे मानत नाही. इंजिन, गिअर, विजेच्या तारा हा सगळा कारभार मी मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो. पण चाकांतून येणारा आवाज ओळखणे हा खास माझा प्रांत आहे, अशी माझी समजूत होती. ती सातारच्या रस्त्यावर कशी ढिली झाली, ते सांगायचे आहे.

हा कान मला आजोबांकडून मिळाला. दिवेलागणीला ओसरीवर बसून ते नुसत्या कुरकुरीवरून येणारी बैलगाडी कोणाची ते सांगत, आणि गाडी वळणावर दिसायच्या आतच ओरडत, "वंगण संपलंय रे तुझं!" आसाला वंगण घातले की आवाज बंद. रोग आणि औषध, दोन्ही ओसरीवरून दिसत. हल्लीच्या मोटारीच्या चाकातले बेरिंग बहुधा कायमचे बंद होऊनच कारखान्यातून येते. त्याला बाहेरून वंगण घालायची सोय नाही. बिघडले की काढायचे आणि नवे बसवायचे.

आणि आवाजही किती मवाळ झाले! बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. लोखंडी धावेचा खडखडाट तेव्हापासून मागे पडत गेला. टायर काही मुके नसते. त्याच्यावरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतच असतात. ते सगळे एकाच मापाचे असते तर टायर एकच सूर धरून बसले असते. म्हणून कारखानदार मुद्दाम लहानमोठे ठोकळे मिसळतात, आणि सुराचा गोंगाट करून टाकतात. मला ही युक्ती फार आवडते. गोंगाटाकडे माणूस दुर्लक्ष करतो. सुराकडे करता येत नाही.

माझ्या चौदा वर्षांच्या गाडीने गेल्या दसऱ्याच्या सुमारास असाच एक सूर धरला. ताशी पन्नासच्या पुढे गेले की खालून "घुंऽऽ" असा, दूर कुठे विमान चालले असावे तसा आवाज येई. मला आनंदच झाला. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर मी गाडी काढली. वेग घेतला आणि गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून दिली. इंजिन खाली आले, घुंकार तसाच. म्हणजे इंजिन सुटले. मग डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलो. टायर असमान झिजले असले, तर रस्ता बदलला की आवाजही बदलतो. शिवाय उतरून नक्षीवरून हात फिरवला तर करवतीचे दात लागावेत तसे उंचवटे हाताला लागतात. इथे आवाज बदलला नाही आणि हातालाही काही लागले नाही. राहिले बेरिंग. पण कोणते? रस्ता रिकामा पाहून गाडी किंचित उजवीकडे झुकवली. वळताना भार बाहेरच्या चाकावर पडतो. उजवीकडे वळलो की डाव्या चाकावर. घुंकार चढला. डावीकडे झुकवली, उतरला. पुढचे डावे चाक!

मिस्त्रीने गाडी जॅकवर उचलली. चाक वरून आणि खालून धरून हलवले. किंचित खेळत होते. मग एका हाताने चाक फिरवले आणि दुसऱ्या हाताची बोटे आतल्या स्प्रिंगवर ठेवली. "काका, हात लावून बघा." बोटांना मांजराच्या गुरगुरण्यासारखी खरखर लागली. "बरोबर ओळखलंत," तो म्हणाला. त्या दिवशी मी घरी जेवताना जरा जास्तच बोललो असेन.

नवे बेरिंग बसले, घुंकार गेला. पाचव्या दिवशी भाऊबीजेसाठी आम्ही दोघे साताऱ्याला निघालो. शिरवळ सोडल्यावर सौ. म्हणाली, "अहो, कट्‌ कट्‌ वाजतंय काहीतरी."

मी कान दिला. काही नाही.

"आता थांबलं. तुम्ही वेग कमी केलात की येतं."

"टायरमध्ये खडा अडकला असेल. पडेल आपोआप."

ट्रकच्या मागे हळू झालो, की तिचे पुन्हा सुरू. "आलं बघा. कट्‌ कट्‌ कट्‌." मला काहीच ऐकू येत नव्हते, आणि जे मला ऐकू येत नाही ते वाजत नाही, असा माझा सरळ हिशेब होता. "तूच कटकट करते आहेस," असे मी म्हटले. विनोद म्हणून म्हटले. ती हसली नाही. तिने तिच्या बाजूची काच पूर्ण खाली केली, डोके बाहेर कलते केले आणि म्हणाली, "घाट लागायच्या आत गाडी थांबवा. नाहीतर मी उतरते आणि एस.टी.ने येते."

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने एस.टी.ची धमकी प्रथमच दिली होती. समोर खंबाटकीचा डोंगर दिसत होता. एका चहाच्या टपरीशी गाडी उभी केली, आणि तिचे समाधान करावे म्हणून पुढच्या डाव्या चाकावरची प्लॅस्टिकची टोपी उपसली. आतून एक नट टपकन माझ्या पायाशी पडला.

राहिलेले तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

मी तिथेच मातीत बसलो. टोपीच्या आत सुटलेला नट चाक हळू फिरताना गडगडत होता, कट्‌ कट्‌ करत होता. वेग वाढला की तो बाहेरच्या कडेला दाबून बसे आणि गप्प होई. म्हणजे वेगाने जाऊ तेव्हा, खरा धोका असेल तेव्हाच, गाडी मुकाट होती. हे सगळे मला मातीत बसल्याबसल्या क्षणात उलगडले. निदान करण्यात मी हुशार आहेच. फक्त ते ऐकले होते दुसऱ्याने.

चहावाल्याने पाना पकडायला हात लावला. चारही नट समोरासमोरच्या जोडीने आवळले, आणि अगदी सावकाश जवळच्या खंडाळा गावातल्या गॅरेजपर्यंत गेलो. त्याने चाक काढून भोके आणि खुंट तपासले, सगळे शाबूत होते. "चाक उघडलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा बघायचे असतात," तो म्हणाला. मला ते ठाऊक होते. पुण्याच्या मिस्त्रीलाही ठाऊक असणार. नंतर त्याला सांगितले, तेव्हा तो काही बोलला नाही. नट आवळणाऱ्या पोराला मध्येच मीच चहा आणायला पाठवले होते, हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवले.

साताऱ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मीही काच खाली करून पाहिली, कान बाहेर काढून पाहिला. वारा तेवढा ऐकू आला.

दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितले. जाड, खालचे सूर मी पटापट पकडले. मग बराच वेळ शांतता होती. ही शांतता मला चांगली वाटली. तपासणी संपली, असे समजून मी स्वस्थ बसून राहिलो. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे, जिथे बारीक, तीक्ष्ण आवाज असतात तिथे, घाट उतरावा तशी उतरत गेली होती. वयाने असेच होते, आधी वरचे सूर जातात, ते म्हणाले.

तो कागद मी घरी आणून कपाटात गाडीच्या कागदपत्रांत ठेवला. सौ.ला तो सापडला असावा, कारण हल्ली ती माझ्या उजव्या बाजूला बसून बोलत नाही, समोर येऊन बोलते. गाडीत बसली की न सांगता आपल्या बाजूची काच खाली करते. परवा वाईला जाताना पहाटेची थंडी होती. शाल डोक्यावरून घेऊन ती बाहेर कान देऊन बसली होती.

"काही?" मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "लावू का काच?"

"जरा वेळ राहू दे," मी म्हणालो.