चकाकीचा आधार

मोटारीच्या रंगावर दिसणारी चकाकी ही वस्तुतः रंगाची नसून त्यावरील पारदर्शक लेपाची, म्हणजे क्लिअर कोटची असते, आणि हा लेप साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असल्याने त्याची निगा हा संयमाचा विषय ठरतो. धुतलेली गाडी उन्हात आपोआप वाळू दिली, तर बोअरवेलच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे उरून पांढरे डाग पडतात. उलट जाड्याभरड्या फडक्याने घाईघाईत पुसली, तर राहिलेले धूलिकण लेपावर घासले जाऊन उन्हात वर्तुळाकार दिसणारे बारीक ओरखडे उमटतात. म्हणून आधी नळीच्या संथ धारेने पाणी ओघळू द्यावे आणि मग मायक्रोफायबरचे, म्हणजे पॉलिएस्टर व पॉलिअमाइडच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाड कापड जोर न लावता टेकवून उरलेले पाणी टिपावे; जमिनीवर पडलेले कापड मात्र धुतल्यावाचून पुन्हा वापरू नये.

पॉलिश करणे म्हणजे अपघर्षक, अर्थात झिजवणाऱ्या कणांच्या साहाय्याने लेपाचाच अत्यल्प थर काढून ओरखड्यांच्या कडा सपाट करणे, तर मेण हे वरून चढवलेले संरक्षक आवरण असते. हा भेद न जाणता वारंवार पॉलिश करणारा मालक चकाकीच्या मोहापायी चकाकीचा आधारच संपवत असतो. झिजलेला लेप परत येत नाही. म्हणून ज्याला गाडीचा रंग टिकवायचा आहे, त्याने पॉलिशच्या डबीआधी स्वच्छ कापडाची काळजी घ्यावी.