गाण्यात बोलतं कोण?

आरे-वारे, ता. जि. रत्नागिरी

प्रिय ताई,

‘शेकी’ आवडलं की नाही ते एका शब्दात कळव, असं तू लिहिलंस. एका शब्दात ते मावत नाही. संजू राठोड आणि त्याचा भाऊ जी-स्पार्क या जळगावकडच्या जोडीचं हे एप्रिल २०२५ मधलं गाणं ठेक्यात आणि ध्वनिमुद्रणात त्यांच्या आधीच्या गाण्यांपेक्षा सफाईदार आहे. सिनेमाचा आधार न घेता मराठी गाणं महाराष्ट्राबाहेरही वाजवून दाखवणाऱ्या या दोघांचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि तरीही ‘शेकी’ ऐकताना काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटत राहतं. या दोघांच्याच ‘गुलाबी साडी’त गाण्यातली ती बोलत होती. इथे फक्त तिच्याविषयी बोललं जातं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘गुलाबी साडी’चा मुखडा आठव. आवाज पुरुषाचा, पण बोलणं तिचं. नटूनथटून आलेली ती त्याला आपला फोटो काढायला सांगते. आपण छान दिसतोय हेही तीच सांगते, त्याने म्हणायची वाट बघत नाही. पुरुषाने बाईच्या तोंडून बोलायचं ही आपल्याकडची जुनी रीत. शाहिरांपासून जगदीश खेबूडकरांपर्यंत लावण्या रचल्या पुरुषांनी, पण त्यातल्या कितीतरी लावण्यांतला ‘मी’ बाईचा आहे. ‘पिंजरा’मध्ये (१९७२) उषा मंगेशकरांच्या आवाजात तो किती ठसक्याने येतो! आपल्या रत्नागिरीच्या नमनात गौळणींची सोंगं पुरुषच घेत आले, आणि वाट अडवणाऱ्या कृष्णाला त्या गौळणी सडेतोड उत्तरं देत आल्या. वैशाली सामंतचं, अवधूत गुप्तेने संगीत दिलेलं ‘ऐका दाजीबा’ २००२ मध्ये घरोघरी वाजलं, त्यातही हाक मारणारी तीच. ‘गुलाबी साडी’ मला या रांगेतली वाटली, आणि ती इतकी पसरली त्याचं एक कारण हेच असावं. २०२० साली टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाग्रामवर रील आलं, आणि तेव्हापासून गाण्याच्या काही सेकंदांवर त्याचं नशीब ठरू लागलं. त्या काही सेकंदांत ‘गुलाबी साडी’ने लोकांना एक भूमिका दिली. शाळकरी पोरगी असो की आजी, साडी नेसून लाडाने फोटो मागणं कुणालाही जमतं, त्यासाठी नाचता यायला हवं असं नाही. ‘शेकी’चा मुखडा मात्र तिच्या कमरेची आणि चालीची तारीफ करतो. त्यातून मिळते ती एक स्टेप. ती ज्याला जमेल त्याला जमेल, बाकीच्यांनी बघायचं.

तू म्हणशील, बाईच्या रूपाचं वर्णन लावणीत नव्हतं का? होतं, आणि रामजोशींची सर्वांत गाजलेली लावणी तर तेवढंच करते. पण ती तपशिलामागून तपशील रचत जाते, आणि ऐकणाऱ्यापुढे एक माणूस उभं राहतं. ‘शेकी’त जे दिसतं ते कुणाचंही असू शकेल. दुसरा आक्षेप याहून तगडा आहे: ‘झिंगाट’ही पुरुषाच्याच तोंडचं, मग ते का चाललं? कारण अजय-अतुलच्या त्या गाण्यात (२०१६) तो स्वतःची अवस्था सांगतो, स्वतःचीच फजिती चव्हाट्यावर मांडतो. म्हणजे गाणारा पुरुष की बाई, हा माझा मुद्दाच नाही. कुणीतरी स्वतःविषयी बोलावं, एवढंच मागणं आहे. ‘शेकी’च्या मुखड्यातून तो बघतोय यापलीकडे त्याच्याविषयीही काही कळत नाही.

‘शेकी’ या इंग्रजी शब्दाची कुरकुर मात्र मला पटत नाही. ‘फोटो’ तरी कुठे मराठी होता! व्हिडिओत ईशा मालवीय मोठ्या तोऱ्यात नाचते, तेच तिचं बोलणं, असंही कुणी म्हणेल. तिचं नाचणं उत्तमच आहे. पण हळदीत, वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत पडदा नसतो, तिथे स्पीकरमधून येतात ते फक्त शब्द. आणि ‘गुलाबी साडी’ला एवढं मोठं यश मिळाल्यावर पुढचं गाणं आणखी दूरवर पोचावं असं वाटणं स्वाभाविक आहे. मराठी न येणाऱ्याला बोलण्यापेक्षा ठेका लवकर कळतो, हेही खरं. तरी ‘गुलाबी साडी’ही त्याच लोकांपर्यंत पोचली होती. तिच्यातला शब्दन्‌शब्द न कळूनही ती काहीतरी मागते आहे, लाडात मागते आहे, हे सुरावरूनच त्यांना उमगलं. त्यामुळे दूर पोचायचं तर तिला गप्प करावं लागतं, हे मला मान्य नाही.

‘शेकी’ लागलं की मीही ठेका धरीन, त्यात खोटं काही नाही. पण या दोघांच्या पुढच्या गाण्याचा मुखडा सुरू होईल तेव्हा मी आधी हेच ऐकीन, की बोलतंय कोण. तुला ‘शेकी’च्या अंतऱ्यांत ती कुठे सापडली असेल तर कळव, त्यावर भांडायला मला आवडेल.

तुझा,
धाकटा