ट्रिपल ऑप्शनचे दिवस

तेव्हा शनिवारी अटलांटातल्या नॉर्थ अव्हेन्यूवर सोनेरी-पांढऱ्या शर्टांची रीघ लागायची. १९३० सालची फोर्ड गाडी, 'रॅम्बलिन रेक', संघाच्या पुढे मैदानात शिरली की बॉबी डॉड स्टेडियम दणाणून जायचं. महाराष्ट्रातून जॉर्जिया टेक विद्यापीठात शिकायला आलेली आम्ही मुलं अमेरिकन फुटबॉलच्या प्रेमात पडलो ती इथेच, प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्या 'ट्रिपल ऑप्शन' या चालीमुळे.

२००८ साली नेव्हल अकॅडमीहून आलेल्या जॉन्सन यांनी, सगळे पासच्या मागे धावत असताना, पळण्यावर भर दिला. क्वार्टरबॅक चेंडू मागच्या गड्याच्या पोटाशी न्यायचा. नजर मात्र समोरच्या एका बचावपटूवर. तो आत झेपावला की चेंडू काढून घेऊन स्वतः बाहेर पळायचा. दुसरा अंगावर आला की शेवटच्या क्षणी बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे भिरकवायचा. कबड्डीतल्या चढाईसारखा सगळा खेळ समोरच्याच्या पावलावर. पहिल्या वर्षी आलेलं पोरगं दोन-तीन हंगामांत या चालीत मुरायचं, आणि ते मुरणं आम्ही डोळ्यांनी बघायचो.

संघ हरला की वाद पेटायचा. 'ही जुनाट पद्धत बदला, एनएफएलचं स्वप्न बघणारा मुलगा इथे येईलच कशाला?' त्यात तथ्य होतं; दोन टचडाउननी मागे पडल्यावर पळून पळून बरोबरी गाठणं जिकिरीचं व्हायचं. पण याच संघातला रिसीव्हर डेमेरियस थॉमस २०१० मध्ये एनएफएलच्या पहिल्या फेरीत निवडला गेला. २०१४ च्या ऑरेंज बोलमध्ये तर आमच्या संघाने ४५२ यार्ड पळून मिसिसिपी स्टेटला ४९-३४ असं हरवलं. धिप्पाड खेळाडू अलाबामा नि जॉर्जिया या बड्या विद्यापीठांकडे जायचे. आमच्याकडे अशी चाल होती, जिची तयारी प्रतिस्पर्ध्याला आठवडाभरात करावी लागे.

२०१८ अखेर जॉन्सन निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये योजना मुळापासून बदलली. धावण्यासाठी निवडलेल्या मुलांवर एका रात्रीत पासचा खेळ येऊन पडला. त्याच सप्टेंबरमध्ये द सिटाडेल हे छोटं कॉलेज ट्रिपल ऑप्शन खेळत आलं आणि आमच्याच मैदानावर जादा वेळेत २७-२४ असं जिंकून गेलं. त्या दिवशी फार लागलं. सलग तीन हंगाम प्रत्येकी तीनच विजय मिळाले.

आता काळ पालटलाय. क्वार्टरबॅक हेन्स किंग टेक्सास ए अँड एमहून बदली घेऊन आला. पोरगं मुरायची दोन-तीन हंगाम वाट बघायची गरज उरली नाही. टेककडूनच खेळलेले प्रशिक्षक ब्रेंट की यांनी पास ठेवला, पण पळणं सोडलं नाही. २०२४ मध्ये अपराजित मायामीला २८-२३ असं हरवलं, तेव्हा किंग पुन्हापुन्हा चेंडू घेऊन घुसत होता आणि मला जुने दिवस आठवत होते.

तो वाद मनात अजून चालू आहे, पण माझं उत्तर पक्कं झालंय. योजना जरूर बदलावी, मात्र शेजारचे काय खेळतात ते बघून नव्हे. आपल्याकडे कोण आहे आणि समोरच्याला काय जड जाईल, हे बघून बदलावी. जॉन्सन यांना ते नेमकं कळलं होतं, म्हणूनच बलाढ्य संघांना आमच्याशी खेळणं नकोसं वाटायचं.