वीस हजार पानं कुठे ठेवायची?

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवलं की जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून वाचकांना घरबसल्या दाखवायचे. त्यासाठी क्लाउडवर एक व्हर्च्युअल मशीन भाड्याने घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी साहाय्यक ग्रंथपाल. संगणकाशी माझा संबंध पुस्तकांच्या नोंदी आणि वर्गणीच्या पावत्या एवढाच. तरी मशीन निवडणं जमून गेलं. प्रोसेसर किती, मेमरी किती, भाडं किती, एवढंच बघायचं होतं. घोडं अडलं ते पुढच्या पानावर, ‘स्टोरेज’पाशी.

तिथे यादी उघडली आणि डोळे फिरले. जीपी२, जीपी३, आयओ१, आयओ२, एसटी१, एससी१. शेजारी आकाराचा रकाना, त्याच्या शेजारी ‘आयओपीएस’, त्याच्याही शेजारी ‘थ्रूपुट’. लॅपटॉप घेताना दुकानदाराने एकच प्रश्न विचारला होता, ‘‘पाचशे बारा की एक टीबी?’’ इथे आकार हा अनेक प्रश्नांपैकी एक होता, आणि बाकीच्यांची उत्तरं कोणाला विचारायची हेही कळेना.

पुण्याला आयटीत असलेल्या भाचीला फोन लावला. म्हटलं, ‘‘यातली सगळ्यात स्वस्त कुठली ते सांग, म्हणजे मी सुटले.’’

‘‘मावशी, डिस्कची यादी आधी बंद कर. तुला ठेवायचंय काय, ते मला सांग.’’

काय ठेवायचंय? पानं! पण पान म्हणजे नेमकं किती, हे मला सांगता येईना. मग तिने फोनवरच गणित घातलं. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. गुणाकार केला तर एका पानाची कच्ची टिफ फाइल २६ एमबीच्या आसपास येते. आमची पानं वीस हजार, म्हणजे ५२० जीबी. वाचकाला पडद्यावर दाखवायला मात्र तीच पानं जेपेगमध्ये आवळली की प्रत्येकी एक एमबीच्या आत बसतात, म्हणजे सगळी मिळून २० जीबी. शोधासाठीची सूची आणि डेटाबेस २-३ जीबी. लिनक्स आणि इतर सामग्रीला दहा-बारा जीबी खूप झाले.

हे आकडे घेऊन मी खजिनदार अण्णांपुढे गेले. अण्णांचा निकाल तयार होता. ‘‘ताई, सगळं एकाच ठिकाणी टाका. विभागणी केली की उद्या सापडायचं नाही.’’ सगळं मिळून साडेपाचशे, वर थोडा हात सैल ठेवून सहाशे जीबी धरले. ॲमेझॉनच्या क्लाउडचे व्हर्जिनिया विभागाचे दर मी हिशेबाला घेतले होते, कारण बहुतेक उदाहरणं त्याच दरांत दिलेली असतात. मुंबईतही त्यांचा विभाग २०१६ पासून आहे, पण तिथले दर थोडे चढे आहेत. जीपी३ ला महिन्याला जीबीमागे ८ सेंट पडतात. सहाशेला ४८ डॉलर झाले. अण्णांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘हे मशीनसकट ना?’’

मशीन वेगळं होतं. वर १८ टक्के जीएसटी होताच.

तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली. पहिली गोष्ट कळली ती ही की क्लाउडमधली डिस्क म्हणजे भाड्याचं गोदाम. पोती किती ठेवली हे मालक बघत नाही, गाळा किती मोठा घेतला त्यावर भाडं घेतो. सहाशे जीबी मागितले आणि चाळीसच वापरले, तरी बिल सहाशेचं येतं. त्यामुळे ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेतलेली प्रत्येक जीबी दर महिन्याला पैसे खात बसते.

त्यात एक मेख आहे. घेतलेली डिस्क नंतर वाढवता येते, कमी करता येत नाही. कमी करायचीच झाली तर नवी लहान डिस्क घेऊन सगळा डेटा तिच्यावर हलवावा लागतो. म्हणून हातचा राखून मोठी घेण्याऐवजी छोटी घ्यावी आणि गरज पडेल तशी वाढवावी, हे इथलं शहाणपण. आयुष्यभर कपाटं घेताना आम्ही उलटं करत आलो, कारण कपाट वाढत नाही.

वाढवणं म्हणजे काय, तेही भाचीने सरावासाठी घेतलेल्या मशीनवर करून दाखवलं. वेबपानावर वीसचे तीस केले. मी काळ्या पडद्यावर ‘डीएफ’ ही आज्ञा दिली, तर तिथे अजून वीसच. मी म्हटलं, ‘‘पैसे तिसाचे आणि जागा विसाची?’’ ती हसली. डिस्क मोठी झाली होती, पण तिच्यावर आखलेला भाग, म्हणजे पार्टिशन, जुन्याच मापाचा होता आणि त्यावरची फाइल सिस्टिमही. आधी ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन ताणायचं, मग ‘रिसाइझ२एफएस’ने फाइल सिस्टिम. दोन ओळी टाइप केल्या आणि ‘डीएफ’मध्ये तिसाचा आकडा आला. मशीन बंदसुद्धा करावं लागलं नाही.

दुसरा धडा वेगाचा. आयओपीएस म्हणजे डिस्क एका सेकंदात किती वेळा वाचू-लिहू शकते ती संख्या. थ्रूपुट म्हणजे सेकंदाला किती एमबी वाहून नेते ते माप. सूचीत शब्द शोधताना बारीकबारीक वाचन खूप होतं, तिथे पहिला आकडा कामाचा. सव्वीस एमबीची अख्खी टिफ उघडायची तर दुसरा.

इथे मला एका जुन्या मार्गदर्शक लेखाने चांगलंच चक्रावून टाकलं होतं. त्यात ठणकावून सांगितलं होतं की वेग हवा तर डिस्क मोठी घ्या. पन्नास जीबीच्या डेटासाठी हजार जीबी घ्यायला सांगणारा हा सल्ला वेडगळ वाटला, पण त्याच्या काळी तो बरोबर होता. जीपी२ मध्ये दर जीबीला ३ आयओपीएस मिळत. ५० जीबीच्या डिस्कला कायमचे १५० मिळणार. कायमचे ३,००० हवे असतील तर १,००० जीबी घेणं भाग. लहान डिस्कला थोडा वेळ ३,००० पर्यंत धावायची मुभा होती, पण त्यासाठी साठवलेली पुंजी संपली की पुन्हा मूळ चालीवर. डिसेंबर २०२० मध्ये जीपी३ आली आणि आकार व वेग यांची गाठ सुटली. डिस्क केवढीही घ्या, ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मूळ भाड्यातच. त्याहून जास्त हवं तर तेवढ्याचे वेगळे पैसे. शिवाय जीपी२ ला जीबीमागे १० सेंट आणि जीपी३ ला ८. नवी स्वस्त आणि जुनी महाग हे आमच्या अण्णांच्या पचनी पडेना. ‘‘जुनी महाग? मग ती घेतं कोण?’’ जुन्या लेखांवर विसंबणारे आणि आधीपासून असलेली डिस्क न बदललेले, एवढंच मला सुचलं.

मग अण्णांची नजर तळाच्या ओळीवर गेली. एसटी१, जीबीमागे साडेचार सेंट. एससी१, दीड सेंट. ‘‘ही बघा ना!’’ मोह मलाही झाला. पण या दोन्ही फिरत्या तबकडीच्या जुन्या धाटणीच्या डिस्क आहेत. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ठीक, पण दहा ठिकाणचं थोडंथोडं वाचायचं म्हटलं की त्यांची दमछाक होते. त्यांच्यावरून मशीन सुरूही करता येत नाही आणि १२५ जीबीपेक्षा लहान मिळत नाहीत. आमची रोजची गरज पन्नास जीबीच्या आतली. एसटी१ ची किमान १२५ जीबी घेतली तर साडेपाच डॉलरच्या वर जातात, वेगवान जीपी३ चे ५० जीबी मात्र ४ डॉलरला पडतात. लहान कामात स्वस्त दराची डिस्क महाग पडते, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

उलट टोकाला आयओ२ होती. ती बँकांसारख्या मोठ्या कारभारांसाठी. जीबीला साडेबारा सेंट आणि वर प्रत्येक आयओपीएसचे वेगळे पैसे. तिकडे आम्ही पाहिलं आणि पुढे गेलो. पुढे जायला भाचीने आणखी एक कारण दिलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. डिस्क कितीही वेगवान घेतली तरी ती मशीनला ज्या वाटेने जोडलेली असते, त्या वाटेलाही मर्यादा असते. आम्ही बघत होतो त्या टी३ स्मॉल जातीच्या मशीनला कायम मिळणारी वाट सेकंदाला १७४ मेगाबिटची, म्हणजे जेमतेम २२ एमबी. त्याहून जास्त थोडाच वेळ मिळते. १२५ एमबीची डिस्कच तिथे पुरती वापरली जात नाही, मग पाचशेची घेऊन कोणाचं भलं?

आता उरल्या त्या ५२० जीबीच्या टिफ फायली. भाचीने विचारलं, ‘‘यातलं पान वाचक कधी उघडणार?’’ मी म्हटलं, कधीच नाही. टिफ ही जतनाची प्रत. उद्या जेपेग खराब झालं किंवा कोणी पुस्तक छापायला पान मागितलं तर काढायची. वर्षातून एकदा, कदाचित तेवढंही नाही. मग ती मशीनच्या डिस्कवर असायचं कारणच काय?

या प्रश्नाने माझा गोंधळ एकदम उतरला, कारण हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. कोणतं पुस्तक रोज मागतात, कोणतं संशोधक वर्षाकाठी एकदा मागतो आणि कोणतं जपायचं म्हणून जपायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. डिस्क निवडण्याचं निम्मं काम म्हणजे हीच वाटणी. आयओपीएसची माहिती कोणीही सांगेल, आमच्या अंकांची ही माहिती आमच्याशिवाय कोणाकडे नव्हती.

टिफसाठी मशीनपासून वेगळा असा साठा असतो, तिथे फाइल नुसती ठेवायची आणि लागेल तेव्हा मागवायची. ॲमेझॉनमध्ये त्याला एसथ्री म्हणतात. त्यातला साधा प्रकार जीबीमागे २.३ सेंट, म्हणजे आम्हाला १२ डॉलर. सगळ्यात खोल तळघर ‘ग्लेशिअर डीप आर्काइव्ह’. तिथे जीबीला एका सेंटचा दहावा हिस्सा, म्हणजे ५२० जीबीला महिन्याला अर्धा डॉलर. अर्थात या स्वस्ताईलाही अटी आहेत. मागवलेली फाइल हातात यायला साधारण बारा तासांपर्यंत लागतात आणि काढायचे वेगळे पैसे. १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या दिवसांचं भाडं द्यायचं. आत टाकतानाही हजार फायलींना ५ सेंट. बारा तास थांबणं आम्हाला मुळीच जड नव्हतं. दुर्मीळ अंकासाठी अर्ज करून तीनचार दिवस वाट बघायची वाचकांना सवय आहे.

बिलात पाणी कुठे मुरतं, त्याच्याही दोनचार जागा कळल्या. मशीन रात्री बंद केलं तर मशीनचं भाडं थांबतं, डिस्कचं थांबत नाही. मशीन कायमचं काढून टाकलं की मूळ डिस्क सहसा त्याबरोबर जाते, पण मागाहून जोडलेली डिस्क, आपण मुद्दाम सांगितलं नसेल तर, तशीच राहते आणि तिचं भाडं चालू राहतं. डिस्कची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवलेला बरा, पण जीबीमागे ५ सेंट त्यालाही पडतात. दुसऱ्या स्नॅपशॉटपासून फक्त बदललेल्या भागाचेच पैसे लागतात, हा त्यातला दिलासा. काही मशीनबरोबर वेगळं भाडं नसलेली वेगवान डिस्क येते. तिच्यावर अंक ठेवायचं मनातही आणू नये, मशीन बंद केलं की तिच्यावरचं सगळं जातं.

अण्णांचा आग्रह होता की आणखी एकाचा दर घ्यावा. ते कोटेशनशिवाय खुर्चीसुद्धा घेत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या अझुरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यातच आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. तिथली पद्धत निराळी. बहुतेक डिस्कची मापं ठरलेली, ३२, ६४, १२८, २५६ अशी चढत जाणारी. १३० जीबी मागितले तर २५६ चं बिल. शिवाय साध्या दर्जाच्या डिस्कना वाचण्या-लिहिण्याच्या व्यवहारांचेही पैसे पडतात. म्हणजे एकाचा हिशेब उचलून दुसऱ्याला लावता येत नाही.

शेवटी कार्यकारिणीपुढे मी एक पान ठेवलं. मशीनला जीपी३ ची ५० जीबीची एकच डिस्क, ४ डॉलर. टिफ तळघरात, अर्धा डॉलर आणि आत टाकण्याचे एकदाच साधारण १ डॉलर. टिफची दुसरी प्रत वाचनालयाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर. स्नॅपशॉट धरून महिन्याला सात-आठ डॉलरच्या आत. अठ्ठेचाळीसचा आकडा मी मुद्दाम वर ठेवला होता, म्हणजे खालचा शोभून दिसेल.

ठराव मंजूर झाला. अण्णांनी सही करता करता मान वर केली. ‘‘ताई, वाचकाने पान उघडलं की ते त्याच्या घरी जातं. त्या जाण्याचे पैसे?’’

मी त्या दिवसापर्यंत त्यांना संगणकातलं काही कळत नाही असं समजत होते. पैसे असतातच, क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचे. महिन्याला पहिले १०० जीबी माफ, पुढे मोजून. एक पान एक एमबीच्या आत, म्हणजे एक लाख पानं फुकट. एवढी पानं महिन्याला कोणी उघडली, तर पेढे मी वाटेन आणि जादाचं बिल अण्णा भरतील, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. अण्णांनी मात्र ते वाक्य इतिवृत्तात घेऊ दिलं नाही.