नेटची उंची सारखी, पण मैदान?



नेब्रास्कात राहणाऱ्या माझ्या मावसभावाशी गेले काही महिने माझं भांडण चालू आहे. विषय ऐकून तुम्ही हसाल. भांडण पक्षावर नाही, गटातटावर नाही, स्मारकावर तर नाहीच. ते आहे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉलवर.

दादा तिथं लिंकन शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या गावाला या खेळाचं जे वेड आहे ते ऐकून मला आधी खरंच वाटेना. ३० ऑगस्ट २०२३ रोजी तिथल्या विद्यापीठाने आपल्या फुटबॉल स्टेडियमच्या मधोमध नेट लावलं आणि मुलींचा सामना बघायला ९२,००३ माणसं आली. दादा त्यातला एक. मी स्वतः कॉलेजात पाच वर्षं व्हॉलीबॉल खेळले. आमचा सामना बघायला दोन शिपाई, एक सर आणि कंपाउंडवर बसलेली टवाळ पोरं असायची. त्यामुळे त्याने पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला. डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करते.

तिथं कॉलेजांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात. नेब्रास्का ज्या गटात आहे त्याचं नाव ‘बिग टेन’. नावात दहा, पण २०२४ पासून संघ अठरा. प्रत्येकाने हंगामात गटातले वीस सामने खेळायचे. २०२४ ला नेब्रास्का आणि पेन स्टेट या दोघांनी प्रत्येकी १९ जिंकून एकच हरला आणि विजेतेपद वाटून घेतलं. त्याआधीची काही वर्षं बघितली तर नेब्रास्का, त्याआधी विस्कॉन्सिन, पुन्हा विस्कॉन्सिन. मी सहज विचारलं, “दादा, अठरा संघ आहेत, मग दरवर्षी तेच दोन-तीन कसे काय जिंकतात?”

तो म्हणाला, “मेरिट, दुसरं काय?”

एवढा एकच शब्द. पण मी अर्धा मिनिट गप्प बसले. कारण याच शब्दाने त्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये पहिलं वर्षभर ‘कोट्यातला’ म्हणून छळलं होतं. रात्री मावशीच्या घरी फोन करून रडायचा. तोच शब्द आता तो दुसऱ्यांच्या लेकीबाळींना लावत होता, तेही टीव्हीसमोर बसून.

मग भांडण सुरू झालं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. नियम सगळ्यांना सारखे आहेत. नेटची उंची सगळीकडे २.२४ मीटर. अनेक वर्षं प्रत्येक कॉलेजला जास्तीत जास्त १२ मुलींनाच पूर्ण शिष्यवृत्ती देता येत होती, श्रीमंत असो की गरीब. टीव्हीच्या हक्कांचे पैसेही गटातल्या जुन्या सदस्यांना सारखे वाटले जातात. (२०२४ ला आलेल्या ओरेगन आणि वॉशिंग्टनला मात्र अर्ध्याच्या आसपास वाटा. नव्या सुनेला अर्धी भाकरी, हे तिथंही आहे म्हणायचं.) मग एवढी समानता असताना एखादा संघ जिंकतच राहिला तर तो त्याचा पराक्रम. त्यात रडायचं काय?

हा युक्तिवाद तुम्ही आम्ही आयुष्यभर ऐकत आलोय. घटनेने सगळ्यांना एक मत दिलं, परीक्षेचा पेपर सगळ्यांना सारखा, मग आणखी काय पाहिजे तुम्हाला?

याचं उत्तर बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात देऊन ठेवलंय. माणसाची कुवत तीन गोष्टींवर ठरते असं ते तिथं मांडतात. एक, शरीराचा वारसा. दोन, समाजाकडून आणि घराकडून मिळालेला वारसा, म्हणजे आईबापांची काळजी, शिक्षण, साठलेलं ज्ञान. आणि तीन, स्वतःचे कष्ट. कष्ट कमीजास्त असतील तर वागणूक कमीजास्त करा, हे एक वेळ समजू शकतं. पण पहिल्या दोन गोष्टींत जे मुळातच पुढे आहेत त्यांना तसंच धावू दिलं, तर त्या शर्यतीतून निवड होते ती लायकांची नाही, सवलत भोगणाऱ्यांची. पोस्टर लावण्यापलीकडे हे पुस्तक आपण वाचतो का, हा वेगळा विषय.

आता हे व्हॉलीबॉलला लावून बघा. उंचीचं जाऊ द्या, ती कुणाच्या हातात नाही. पण तिथल्या मोठ्या कॉलेजांच्या संघांत जाणाऱ्या बहुतेक मुली आधी वर्षानुवर्षं खासगी क्लबांत खेळलेल्या असतात, आणि त्या क्लबांचा वर्षाचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणजे १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा सारखी असली तरी त्या शिष्यवृत्तीच्या दारापर्यंत पोहोचायचं तिकीट महाग आहे. आणि तिकडच्या व्यावसायिक फुटबॉलसारखी सोयही इथं नाही. तिथं गेल्या हंगामात तळाला राहिलेला संघ नव्या खेळाडूंमधून आधी निवड करतो. ही पद्धत सुरू झाली १९३६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांचा निबंध छापला त्याच वर्षी. मालकांनी ती न्यायासाठी आणली नाही, धंद्यासाठी आणली. एकच संघ जिंकत राहिला तर तिकिटं कोण काढणार? तरीही त्यामुळे मेरिट मेलं असं कुणी ओरडत नाही. कॉलेजच्या खेळात मात्र मुलगी स्वतः कॉलेज निवडते, आणि ज्याच्याकडे आधीच ट्रॉफ्या, मोठं सभागृह आणि गर्दी आहे तिकडेच ती जाणार. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

दादाला मी सगळ्यात जास्त अडवलं ते एका आकड्यावर. राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६४ संघ निवडताना आणि त्यांना क्रमांक देताना तिथं अनेक वर्षं ‘आरपीआय’ नावाचा निर्देशांक वापरला गेला. त्यात तुमच्या स्वतःच्या जिंकण्याला वजन २५ टक्के. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या जिंकण्याला ५० टक्के. आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांच्या जिंकण्याला उरलेले २५. म्हणजे तुम्ही काय केलं याला पाव किंमत आणि तुम्ही कुणाच्या पंगतीत बसलात याला पाऊण! दुबळ्या संघांना हरवून कुणी खोटा मोठेपणा मिळवू नये म्हणून हे केलं, हे मला मान्य आहे. पण परिणाम काय? बलाढ्य गटातला संघ हरूनही वर राहतो, आणि लहान गटातला संघ जिंकत राहिला तरी मोठे त्याच्याशी खेळायलाच तयार नसतात. पंगतीत घेत नाही, आणि पंगतीत नव्हतास म्हणून गुण कापतो. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का?

त्यावर कडी म्हणजे पहिल्या १६ मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्याच मैदानावर खेळायला मिळतात. लहान कॉलेजच्या पोरींनी बस-विमानाने जायचं आणि हजारो माणसांच्या आरडाओरड्यात सर्व्हिस करायची.

दादा म्हणाला, “२०२४ च्या डिसेंबरात उपांत्य सामन्यात नेब्रास्का दोन सेटने पुढे होती, तरी पेन स्टेटने हरवलं. पैसा, मैदान, काही कामी आलं नाही.” मी म्हटलं, पेन स्टेटची आठ राष्ट्रीय विजेतेपदं आणि तुमची पाच. वाड्यातल्या थोरल्याने धाकट्याला हरवलं तर गावात समता आली असं होत नाही. (त्या विजयाची एक गोष्ट मात्र मोठी होती. मुलींच्या या स्पर्धेत १९८१ पासून स्त्री मुख्य प्रशिक्षक असलेला संघ विजेता झाला तो २०२४ ला, पहिल्यांदाच. खेळणाऱ्या बायका, आणि ४३ वर्षं कप उचलणारे सर!)

“मग तुला काय पाहिजे? जिंकणाऱ्या पोरींचे पाय ओढायचे?” असं तो चिडून म्हणाला.

नाही. मी त्याला १९७२ चा कायदा आठवून दिला, ज्याला तिथं ‘टायटल नाइन’ म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच त्यात म्हटलंय. त्यात खेळाचं नावही नाही. पण त्याच्या जोरावर कॉलेजांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. त्या वेळीही मुलींना खेळात रसच नाही, कुणी बघायला येणार नाही असं म्हणणारे होतेच. आधी जागा मिळाली, ९२,००३ माणसं नंतर आली. दादा ज्याला मेरिट म्हणतो ते कायद्याच्या पोटी जन्मलेलं आहे.

आणि नुसती मर्यादा घातली की काम झालं असंही नाही. बाबासाहेबांचं कोलंबिया विद्यापीठ ज्या आयव्ही लीगमध्ये आहे तिथं खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत, कुणालाच नाही. शून्य सगळ्यांना सारखं! तरी तिथं व्हॉलीबॉलची विजेतेपदं बहुतेक प्रिन्स्टन आणि येलकडेच गेली आहेत. ज्या कोलंबियात बाबासाहेब १९१३ ला गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांवर. शिष्यवृत्ती नसती तर कसली स्पर्धा आणि कसलं काय.

इथपर्यंत मी जिंकत होते. मग २०२५ ला तिथं न्यायालयाने मोठी तडजोड मंजूर केली. त्यानुसार त्या वर्षापासून १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, संघात १८ मुली आणि परवडत असेल तर अठराही जणींना शिष्यवृत्ती, वर कॉलेज खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतं. मी म्हटलं, झालं, आता उरलासुरला समतोलही गेला. ज्या सहा चांगल्या पोरी लहान कॉलेजात जाऊन तिथला संघ उभा करायच्या, त्या आता लिंकनमध्ये बाकावर बसतील.

दादा म्हणाला, “आणि त्या सहातली एक गरिबाची असेल तर? तेराव्या मुलीची फी तुझ्या समतोलाने कुणी भरली असती?”

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि त्याचं कारण माझ्याच कॉलेजात आहे.

आमचं तालुक्याचं कॉलेज. नीलगिरीच्या दोन खांबांना बांधलेलं नेट, मुरमाचं मैदान, आणि मुलांची प्रॅक्टिस संपल्यावर अंधार पडेपर्यंतचा वेळ आमचा. एकच चेंडू, पावसात भिजला की विटेसारखा जड. दुसऱ्या वर्षी आम्ही विभागीय अंतिम सामन्यापर्यंत गेलो. समोर एका साखर कारखानदाराचं कॉलेज, मुलींना होस्टेल, मेसमध्ये अंडी, पायात बूट. आम्ही तिघी अनवाणी. तीन सेटमध्ये हरलो, पण तिसरा १५–१३ ला. तो सामना टिकला तो आमच्या लिफ्टरमुळे. मातंग समाजातली मुलगी, आई ऊसतोडीला जाणारी. चेंडू कसाही येवो, तिच्या बोटांवरून तो बरोबर नेटच्या वर जाऊन थांबायचा.

पुढच्या वर्षी त्या कॉलेजने तिला नेलं. फी माफ, राहणं-खाणं फुकट. आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला आणि त्यानंतर दोन वर्षं मुलींचा संघच झाला नाही. मला तिचा राग आला होता. तिचा म्हणजे तिचाच, कॉलेजचा नाही. आज ती पोलिसात आहे, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून. (त्या ५ टक्क्यांविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.)

संघांमधला समतोल आणि मुलींना मिळणारा न्याय या दोन गोष्टी मी इतके दिवस एकच धरून चालले होते. कॉलेज कॉलेज सारखी झाली म्हणून ऊसतोडीवाल्या बाईची लेक शिकेलच असं नाही. तसंच एकीला वर उचललं म्हणून मुरमावर राहिलेल्या अकराजणींचा हिशेब मिटत नाही. त्या सहा नव्या जागांवर क्लबची फी भरू शकणाऱ्याच घरातल्या मुली गेल्या, तर दादाचा प्रश्न निकाली निघतो. पण त्या कुणाला मिळतात हे कॉलेजांच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात आमच्या लिफ्टरला फोनवर सांगितलं. ती बंदोबस्तावर होती, गोंगाटात नीट ऐकू येत नव्हतं. म्हणाली, “तुमच्यात राहिले असते तर बारावीनंतर लग्नच लागलं असतं गं माझं. पण आपल्या कॉलेजला त्या साली एक नवीन चेंडू आणि बूट दिले असते, तर मी गेलेच नसते.”

तिचा आवाज रेकॉर्ड करून मी दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलंय, “पहिलं वाक्य माझं, दुसरं तुझं. रविवारी मॅच संपली की फोन करतो.”